मावशीच्या पत्त्यावर

माझ्या धाकट्या बहिणीचं घर लातुरात आहे आणि ते मला कधीच सहन झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याविषयी उगाच चांगलं मत करून घेणार नाही.

तसं घर काही फार मोठं नाही. तीन खोल्या, वर गच्ची, दारात कढीपत्त्याचं झाड. तिचे यजमान कॉलेजात शिकवतात. आमचं जळकोटातलं घर त्याच्या दुप्पट आहे. पुढं किराणा दुकान, मागं अंगण, गोठ्यात देवणी गाय. पण लातूर ते लातूर. ती फोनवर सहज म्हणते, "जरा मार्केटला जाऊन आले," आणि माझा दिवस नासतो.

आम्ही दोघी लोह्याच्या. दहावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. हे आज कुणाला आठवत नाही, मला आठवतं. मी दहावी झाले तेव्हा आप्पा म्हणाले होते, पोरीला एकटीला नांदेडला खोली करून कोण ठेवणार? मी गावातच बारावी केली आणि जळकोटचं स्थळ आलं. तीन वर्षांनी धाकटी दहावी झाली आणि त्याच आप्पांनी तिला नांदेडला ठेवली. जमाना बदलला म्हणे. तीन वर्षांत! ती शिकली, शिकलेला नवरा मिळाला, लातुरात गेली. मी दुकानात बसून पावशेर डाळ तोलते. तिनं माझं काही हिसकावून घेतलेलं नाही, हे मला कळतं. कळल्यानं पोटात दुखायचं थांबत नाही, एवढंच.

माझी लेक सातवीत होती तेव्हा तिनं लातूरच्या एका शाळेचा ध्यास घेतला. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडं गेली असताना ती त्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन बघून आली होती. तिथं तिच्याएवढ्या मुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कांद्याची साल बघत होत्या आणि तिलाही बघू दिली. आमच्या गावच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, पण तो कपाटात आणि कपाटाला कुलूप. घरी आल्यावर पोरगी चार दिवस कांदा चिरू देईना. साल सोलायची, उजेडाकडं धरायची. "आई, मला आठवीला तिथंच जायचंय," म्हणाली. परीक्षा घेऊन प्रवेश देतात. तिनं जीव तोडून अभ्यास केला आणि यादीत पहिल्या दहात आली.

अडचण एकच होती. शाळेचा नियम असा की मुलगी निदान वर्षभरापासून लातूर शहरात राहत असली पाहिजे, आईवडिलांजवळ नाहीतर जवळच्या नातेवाइकाकडं. आता या नियमाला आमच्या भागात कुणी घाबरत नाही. जळकोट, देवणी, लोहा, कुठल्याही तालुक्यात विचारा, हुशार पोर गावात वावरत असतं आणि कागदोपत्री लातुरात मामाकडं नाहीतर आत्याकडं राहत असतं. नातेवाइकाचं लाइट बिल जोडायचं आणि आईनं नाहीतर बापानं सहीनिशी लिहून द्यायचं, खाली नातेवाइकाचीही सही. शाळेलाही हे ठाऊक असतं. मुख्याध्यापक समोर बसवून एकदा विचारतात, मुलगी कुठं राहते? आपण सांगायचं, मावशीकडं. झालं. हे सगळं इतकं रुळलेलं आहे की याला खोटं बोलणं असं कुणी म्हणतही नाही.

धाकटीनं आपणहून फोन केला. "अक्का, माझ्या पत्त्यावर अर्ज भर. पोरगं पुण्याला गेल्यापासून घर खायला उठतं. तिला खरंच ठेवून घेते की मी. मला तरी लेक कुठं हाय? तुझी ती माझीच."

तिनं हे प्रेमानं म्हटलं होतं. माझ्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. तुझी ती माझीच म्हणजे काय? नांदेड तुझं, लातूर तुझं, आता पोरगीही तुझीच का? पण तोंडानं मी "तुझे लई उपकार होतील गं" असं म्हणाले. तोंडदेखलं बोलण्यात मी पटाईत आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्याबरोबर तिनं लेकीला मुलाखतीच्या तयारीसाठी महिनाभर बोलावून घेतलं. रोज फोन यायचा. मागं पोरीच्या हसण्याचा आवाज. मावशीनं टेबल आणलं, मावशीनं दिवा आणला, मावशीनं फुलाफुलांची चादर घातली. माझ्या घरी दोडक्याला नाक मुरडणारी पोर तिथं दोडका मागून घेत होती. एकदा मी फोनवर विचारलं, "काय करायलीस?" तर म्हणाली, "आई, असं नाही म्हणायचं. काय करतेयस म्हणायचं. मुलाखतीत हाव, न्हाई, हाय असलं बोललं तर मार्क जातात. मावशी म्हणते." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडले. लोह्यात आम्ही दोघी एकाच तोंडानं हाव आणि न्हाई म्हणत वाढलो. आता तिला ते माझ्या लेकीच्या जिभेवरून घासून काढायचं होतं.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला मी म्हणाले, "पोरगी पार तिकडचीच व्हायलीय." हे म्हणाले, "बरं हाय की, तिकडंच तर राहायचंय." पुरुषांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

जूनमध्ये मुलाखत होती. मी पहाटेच्या गाडीनं उदगीर, तिथून लातूर गाठलं. सोबत धपाट्यांचा डबा होता, लेकीला आवडतात म्हणून चार वाजता उठून केलेला. शाळेत पोहोचले तर त्या दोघी स्कूटीवरून आधीच येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून कसलीशी वही वाचत. मी डबा पुढं केला. लेक म्हणाली, "मावशीनं उपमा दिला आई, पोट भरलंय." धाकटी लगेच म्हणाली, "खा गं दोन घास, आईनं आणलंय." तिनं सांगितलं म्हणून पोरीनं एक तुकडा मोडला. त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा डबा माझ्या लेकीनं खावा म्हणून हिनं शिफारस करायची!

मग धाकटीनं हळू आवाजात मला पुन्हा एकदा पढवलं. "अक्का, लक्षात हाय ना? गेल्या जूनपासून मावशीकडं राहते. बस. जास्त बोलू नको."

आत मुख्याध्यापिका बाई आणि एक कारकून होते. बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ. त्यांनी लेकीला चार प्रश्न विचारले. तिनं अशी उत्तरं दिली की माझीच छाती भरून आली. कांद्याच्या सालीत काय दिसतं ते ती हातवारे करून सांगायला लागली तेव्हा कारकूनसुद्धा हसला. बाई खूश झाल्या. त्यांनी फाइल मिटली, धाकटीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "छान तयारी करून घेतलीय हो लेकीची."

धाकटी हसली.

नाही म्हणाली नाही. किती वेळ? फार तर दोन श्वास. आणि त्या दोन श्वासांत माझी लेकही काही बोलली नाही. ती मावशीकडं बघून लाजत हसली, शाबासकी मिळाल्यावर आईकडं बघावं तशी. मग धाकटी म्हणाली, "मी मावशी. आई ह्या." आणि माझ्याकडं हात केला, रस्त्यावर कुणाला ऑफिस दाखवावं तसा.

"अच्छा, अच्छा," बाई माझ्याकडं वळल्या. त्यांना घाई होती, बाहेर रांग होती. "मुलगी सध्या कुठं राहते?"

"जळकोटला," मी म्हणाले. "माझ्याजवळ. जन्मल्यापासून माझ्याजवळच हाय ती."

कारकुनाचं पेन थांबलं. धाकटीनं माझ्या मांडीवर हात ठेवला, मी तो बाजूला केला. बाईंना अशी हुशार मुलगी हातची घालवायची नव्हती बहुतेक, कारण त्यांनी मला वाट करून दिली. "म्हणजे गाव जळकोट. पण शिकायला मावशीकडं असते ना? तुम्हीच लिहून दिलंय."

"न्हाई. सुट्टीला महिनाभर आली होती. लिहिलंय ते खरं न्हाई."

बाईंनी फाइल उचलली. मग म्हणाल्या, "तुम्ही तोंडानं असं सांगितल्यावर मला काही करता येत नाही हो." त्यांनी फाइल परत दिली. रागावल्या नाहीत. उलट मला नमस्कार केला आणि पुढच्या मुलीला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर आल्यावर धाकटीचा चेहरा लाल झाला होता. लातुरात तिच्या यजमानांना चार माणसं ओळखतात आणि खोट्या कागदावर सही तिचीही होती. तिला मी चांगलीच तोंडघशी पाडली होती. मी तिच्या शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होते. त्या मला हव्याच होत्या. पण ती हळूच म्हणाली, "अक्का, तुला खोटं बोलवलं न्हाई ना?"

तिला सगळं कळलं होतं. एका ताटात जेवलेल्या आम्ही, माझ्या मनात काय शिजतं ते तिला माझ्याआधी समजतं. तरी लेकीसमोर तिनं मला अंगावर घ्यायला हे पांघरूण दिलं. आणि मी ते घेतलं.

"हाव," मी म्हणाले. "न्हाई बोलवलं."

खोटं बोलायचंच होतं तर पाच मिनिटं आधी बोलले असते, पोरीचं भलं झालं असतं.

लेक गाडीत उदगीरपर्यंत रडली. मी समजूत घालत होते आणि तिला काही ऐकू जात नव्हतं. उदगीरला गाडी बदलली, खिडकीची जागा मिळाली, आणि रडून दमलेली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मला आनंद झाला. हे लिहायला हात धजत नाही, पण झाला. तिची शाळा गेली होती, आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत जिंकल्यासारखी बसले होते.

घरी वेगळंच झालं. हे चिडले, "अर्धा तालुका खोटं सांगतोय, तुलाच कुठून धर्म आठवला?" पण सासरे लिंगपूजा आटोपून बाहेर आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सून असावी तर अशी. लेकरासाठीसुद्धा खोटं बोलली न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला लागले. गोष्ट गावभर झाली. बचत गटाच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी माझं उदाहरण दिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. तर म्हणाल्या, बघा, किती साधी.

दोन वर्षं झाली. लेक गावातल्याच शाळेत दहावीला आहे. वर्गात पहिली येते. ते कपाट अजून कुलपातच आहे. धाकटीनं तिच्या नणंदेची मुलगी आणून ठेवली, तिच्याच पत्त्यावर, त्याच शाळेत. आता त्या टेबलावर ती बसते, त्या चादरीवर झोपते. त्या पोरीला मी धड ओळखतसुद्धा नाही, पण मला तिचाही हेवा वाटतो. म्हणजे बघा, लेकीचं गेलं त्याचं दुःख बाजूला, आणि दुसऱ्या कुणाला मिळालं त्याची जळजळ आहेच.

लेकीनं मला त्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तीही बाकीच्यांसारखंच समजते. एकदा तर शाळेतल्या मैत्रिणींना सांगताना ऐकलं होतं, माझी आई खोटं बोलत नाही. तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी आपटली होती.

गेल्या रविवारी आम्ही दोघी दुकानात साखरेच्या पुड्या भरत होतो. मी माप टाकायची, ती पिशवीचं तोंड बांधायची. एक म्हातारी गूळ घ्यायला आली होती. जाताना तिनं नेहमीचं बोलून दाखवलं, "नशीबवान हायस पोरी, अशी खऱ्याची आई मिळाली." लेकीनं मान हलवली. म्हातारी पायरी उतरून गेली. लेक पुडी बांधता बांधताच, वर न बघता म्हणाली,

"आई, त्या दिवशी तू खोटं बोलली असतीस ना, तरी मी तुझीच राहिले असते."

आवाजात राग नव्हता. मी माप टाकत राहिले. पिशवी भरून साखर खाली सांडायला लागली, तेव्हा तिनं माझ्या हातातून माप काढून घेतलं.