नामूची झोप

"अफीम दी है बच्चे को," डॉक्टर म्हणाले. "किसने दी, वो बोलो."

हिंगोलीच्या दवाखान्यात टेबलावर माझा चौदा महिन्यांचा नामू निपचित पडला होता. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी पापण्या उचलून बत्ती मारली, तेव्हा डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या. त्यांनी कागदावर 'ओपियम पॉयझनिंग' लिहिलं. म्हणजे अफूची विषबाधा. बाहुल्या आकसल्या आणि श्वास मंदावला की पहिल्यांदा अफूचीच शंका घ्यायची, असं नर्सबाईंनी मला समजावलं.

मी मागं वळून थेट जावेकडं पाहिलं.

गोदाबाई माझी थोरली जाऊ. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. नामू दिवसभर तिच्याच कडेवर असायचा. मी वरून गोड बोलायचे आणि आतून तिच्या हातांवर नजर ठेवून असायचे. माझा स्वभावच संशयी आहे, ते लपवून काय करू?

आमच्या नरसीच्या बाजूला निजामीत अफू दुकानात उघड मिळायची. शेतावर जाणाऱ्या बाया लेकराला कणभर चाटवायच्या, म्हणजे ते झाडाखाली झोपून राहायचं. मी नामूला कधीच चाटवली नव्हती. तरी गेले आठ दिवस तो झोपूनच होता. अंगावर प्यायचा तोही अर्धवट, आणि शी तर चार दिवसांत झालेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, लेकरू शांत झालं. खरं सांगते, मलाही बरंच वाटलं होतं, कामं उरकत होती. त्या सकाळी मात्र तो हलवून उठेना, तेव्हा आम्ही गाडी जुंपली.

एक गोष्ट मी डॉक्टरांपासून लपवली. माझी दाढ किडली होती आणि ठणका थांबावा म्हणून मी तिच्यात अफू भरत होते. हरभऱ्याएवढा खडा पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला होता. हे सांगितलं असतं तर सगळे माझ्यावरच उलटले असते. ओसरीत जाऊन मी गाठ चाचपली. खडा जागच्या जागी होता. माझ्या अफूला कुणाचा हात लागला नाही, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दुसरी अफू दिली, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी नामूच्या पोटात रबरी नळी घालून पोट धुतलं. त्याला 'स्टमक वॉश' म्हणतात. मग नर्सबाई कोऱ्या कॉफीचे थेंब पाजत आणि तळपायावर टिचक्या मारत बसल्या, कारण तो झोपला की श्वास थांबण्याची भीती होती. नामू माझ्या लुगड्यावर ओकला. गोदाबाईनं आपलं दुसरं लुगडं मला नेसायला दिलं आणि माझं गाठोड्यात बांधलं. दाढ ठणकत होती, पण लेकरापुढं दाढेचं काय घेऊन बसायचं?

चौथ्या दिवशी नामू हसला. त्याच दिवशी, तिचंच लुगडं नेसून, मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमी काय चारलं माझ्या लेकराला?"

"भाकरीचा कुटका, दुधात भिजवून. दुसरं काई न्हाई," ती म्हणाली.

"मग अफू कुठून आली त्याच्या पोटात?"

"तुझं लेकरू तू सांभाळ, सरू," एवढंच बोलली. घरी आल्यावर भावजींनी तिला माहेरी, पुसेगावला नेऊन घातलं.

मग मी घर झाडून काढलं. दिवा वरच्या कोनाड्यात ठेवला, बिब्बे आणि सासूबाईंच्या मुळ्या शिंक्यावर चढवल्या. रांजणावर फळी टाकली, चुलीपुढं पाटी आडवी लावली, परसातला धोतरा उपटला. शेजारणीला उंबऱ्याच्या आत घेईना. नामूला घटकाभरही दूर केलं नाही. खडा नव्या गाठीत बांधून माझंच लुगडं नेसले आणि त्याला दिवसभर पदराखाली घेऊन बसले.

सहाव्या दिवशी तो पुन्हा झोपला.

आता कुणावर संशय घ्यायचा? गोदाबाई पुसेगावात होती. हिंगोलीच्या वाटेवर, गाडीत, माझा सासूबाईंवरही संशय घेऊन झाला आणि नवऱ्यावरही.

दवाखान्याच्या बाकावर नर्सबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "बाई, लेकरू काय चोखून राहिलं ते?"

मी खाली पाहिलं. अर्धवट झोपेत नामूनं माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं. नर्सबाईंनी ते ओढून काढलं आणि गाठ सोडली. कापड ओलं होतं, खड्याभोवती तपकिरी डाग पसरला होता. खडा होता तिथंच होता, फक्त रोज लाळेनं भिजत होता आणि नामू तो रस गिळत होता. मी बसल्या जागी रडायला लागले. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माँ, पहले बोलना था."

नामू वाचला. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. डॉक्टरांनी दाढही उपटून दिली. तान्ह्या लेकराच्या आयांनो, घर आवरा, जरूर आवरा. पण डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा, लाज वाटली तरी सांगा. आणि दुसऱ्याच्या हातांकडं बघण्याआधी आपला पदर झाडून बघा.

मी पुसेगावला गेले. गोदाबाईच्या आईबापांसमोर तिचे पाय धरले आणि चूक माझी होती, हे तोंडानं बोलले. तिनं आपलं गाठोडं बांधलं आणि माझ्यासोबत आली. पहिल्यासारखीच नामूला न्हाऊ घालते, कडेवर घेऊन मळ्यात जाते. तो तापला तर माझ्याआधी उठते.

फक्त जेवायच्या वेळी ती भाकरी दुधात कुस्करते आणि वाटी माझ्याकडं सरकवते. "तू घाल," म्हणते. नामू तिच्यापुढं आ करून बसतो. ती हात पदराला पुसते आणि उठून जाते.