उठलो : अकरा वेळा

शेवटच्या भेटीत अच्युत माझ्यासमोर सात वेळा उठला. मी मोजलं. त्याच्याच घरात, त्याच्याच टीव्हीसमोर, दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोघं एक नवा सिनेमा बघत बसलो होतो आणि दर थोड्या वेळाने हा आपला खुर्चीचे हात धरून उठायचा. ‘आलो हां, पंप चालू राहिला की काय बघतो.’ मग कुकर. मग कुंपणात कुणाची तरी गाय शिरली म्हणून. गाय कुठली आलीय, मला सगळं दिसत होतं खिडकीतून! सातव्या वेळी तो आत गेला तेव्हा मी रिमोटने सिनेमा थांबवला, चपला घातल्या आणि चालू पडलो. स्वयंपाकघरातून निर्मलावहिनी ‘भावजी, चहा टाकलाय हो…’ म्हणत होत्या, तोवर मी बाहेरून फाटकाची कडी लावली होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी, सकाळी बाजारात कोथिंबीर घेताना फोन आला. अच्युत गेला. भाजीवाली विचारत होती, ‘सर, दोन जुड्या दिऊ काय?’ मी हो म्हणालो. आमच्याकडे कोथिंबिरीच्या दोन जुड्या कधी लागत नाहीत.

ज्यांनी याच पुरवणीत त्याचं ‘घरबसल्या’ हे सदर वाचलं आहे, त्यांना त्या सात वेळांचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. अच्युतचं रत्नागिरीत माळनाक्याला सिनेमांच्या कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान होतं. संध्याकाळी कॅसेट परत करायला आलेल्या माणसाला तो ‘आवडला का?’ असं कधीच विचारायचा नाही. विचारायचा, ‘किती वेळा उठलात?’ आणि उत्तर येईल तो आकडा पेन्सिलीने कॅसेटच्या पट्टीवर लिहायचा. त्याचं म्हणणं असं, की थिएटरात माणूस तिकीट काढलंय म्हणून बसतो. घरात त्याला कोण धरून ठेवतंय? घरात कुकर आहे, बेल आहे, दारात मासेवाली आहे. एवढ्यातून जो बसवून ठेवील तो खरा. एकदा एक काकू म्हणाल्या, ‘उठले नाही रे, भात करपला.’ त्या कॅसेटवर त्याने मोठं शून्य काढलं आणि पुढे दोन महिने ती कॅसेट दुकानात टिकली नाही.

कॅसेट गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. दुकानाचं शटर कायमचं खाली आलं, पण अच्युतची सवय काही गेली नाही. या पुरवणीच्या संपादकांनी ती हेरली आणि त्याला दर रविवारी जागा दिली. नवं पुस्तक, घरी टीव्हीवर बघता येईल असा नवा सिनेमा, नवी गाणी… यांपैकी काहीतरी एक तो घ्यायचा, पाऊण कॉलम लिहायचा आणि शेवटी एक ओळ टाकायचा: ‘उठलो : चार वेळा.’ एका तीन तासांच्या रहस्यपटावर त्याने लिहिलं होतं, ‘उठलो : नऊ वेळा. दर वेळी परत आलो, तर खुनी आणि पोलीस होते तिथेच.’ आणि एका नव्या गायिकेच्या गाण्यांवर, ‘उठलो : एकदा, आवाज वाढवायला.’ रत्नागिरीतली अर्धी माणसं वरचं काही न वाचता आधी खालचा आकडा बघायची. तीन किंवा त्याच्या आत असेल तर वस्तू चांगली. चार-पाच म्हणजे वेळ जात नसेल तर. सहाच्या पुढे गेलं की त्याचं नाव काढायचं नाही.

आम्ही आठवीपासून एका बाकावरचे. मी भूगोलाचा मास्तर झालो, निवृत्त झालो आणि वयाच्या साठाव्या वर्षी एक कादंबरी पुरी केली, खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या एका कुटुंबाची. चार वर्षं मी त्या तरीत बसून होतो म्हणा ना. अच्युतला हस्तलिखित वाचायला देत होतो, तर म्हणाला, ‘कच्चं नको. छापून आलं की दे. इतर सगळ्यांसारखं वाचीन.’ छापून आलेली पहिली प्रत मी त्याला नेऊन दिली. पहिला रविवार गेला, काही नाही. दुसरा गेला. मधल्या काळात तो मला दोनदा भेटला आणि दोन्ही वेळा बांगडा किती महागलाय यावर बोलला. मी विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही, हा आमच्यातला शब्द न उच्चारता ठरलेला करार. पण माझा जीव टांगणीला लागला होता. प्रकाशकाने सरळ सांगून ठेवलं होतं, आपल्या भागात हे पुस्तक हललं तर दुसरं छापू, नाही तर इथेच राम राम. आणि आपल्या भागात पुस्तक हलणं न हलणं कुणाच्या हातात होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या रविवारी पेपर घरी यायची वाट न बघता मी एसटी स्टँडवर गेलो आणि तिथेच उभ्या उभ्या पुरवणी उघडली. मीही इतरांसारखाच, आधी खाली बघितलं.

‘उठलो : अकरा वेळा.’

सदर सुरू झाल्यापासून अकरा कुणालाच मिळाले नव्हते. गंमत अशी, की वरचा पाऊण कॉलम चांगला होता. तरीतल्या भांडणाचं प्रकरण त्याला आवडलं होतं, म्हातारीची भाषा अस्सल उतरली आहे असं लिहिलं होतं. पण वर हार घालून खाली जोडा मारावा तसं मला झालं. मला वाटलं, हा चेष्टा करतोय. आणि आपलं गाव… गावाने संधी सोडली नाही. न्हाव्याच्या दुकानात एकजण म्हणाला, ‘सर, तुमच्या पुस्तकानं अच्युतचा चांगला व्यायाम झाला हो.’ क्रिकेट खेळणारी माणसं मला बघून ‘सर, अख्खा संघ उतरवलात’ म्हणू लागली. राजापूरला माझा कार्यक्रम ठरला होता, तो ‘पुढे बघू’ झाला. प्रकाशकाचा फोन यायचा बंद झाला. मी अच्युतला फोन केला.

‘अच्या, अकरा?’

‘झाले तेवढे लिहिले.’

‘कंटाळा कुठे आला ते तरी सांगशील?’

तो म्हणाला, ‘सदू, वरचं वाच ना रे. वरचं कोणी वाचतच नाही.’

मी फोन ठेवला आणि पुढे दीड वर्ष त्याचा एकही उचलला नाही. बाजारात तो समोरून आला तर मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. पंचेचाळीस वर्षांची मैत्री एका आकड्यावर मोडणारा गाढव जगात मी एकटाच असेन, पण तेव्हा मी स्वतःला फार स्वाभिमानी समजत होतो. दर रविवारी सदर मात्र चुकवत नव्हतो. बाकीच्यांना दोन, तीन, चार असे आकडे पडत होते आणि प्रत्येक आकडा मला झोंबत होता. कुठल्याशा पाककृतींच्या पुस्तकालासुद्धा तीनच! मग यंदा एका दुपारी निर्मलावहिनींचा फोन आला. ‘भावजी, येऊन जा हो एकदा. सिनेमा बघायला म्हणून या. हे एकटेच बसलेले असतात.’ मला वाटलं, अच्युतला माफी मागायची आहे आणि स्वतः बोलायची लाज वाटते म्हणून वहिनींना पुढे केलंय. तेवढ्याच ऐटीत मी गेलो. तो बारीक झाला होता. ‘गोड सोडलं,’ म्हणाला. एवढ्या उकाड्यात पायांवर पंचा पसरून बसला होता, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. माफीचा शब्द निघाला नाही. ‘बस, नवा आलाय, तू येणार म्हणून ठेवला होता,’ म्हणाला आणि सिनेमा लावला. पुढचं मी वर सांगितलंच आहे. आजारी माणूस पुन्हा पुन्हा का उठतो हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण अच्युतच्या उठण्याचा मला एकच अर्थ माहीत होता. मी तिथे बसून दात ओठ खात मोजत राहिलो. पुस्तकाला अकरा दिले, आता मला सात देतोय, असं मनात येत होतं.

तेरावा झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. दिवसकार्यात चार लोकांत तोंड लपवता येतं, एकट्याने जायची हिंमत होत नव्हती. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी काहीतरी विषय काढायचा म्हणून विचारलं, नक्की काय झालं होतं? त्या म्हणाल्या, ‘दोन वर्षं हृदयाचं होतं. छातीत पाणी व्हायचं, पाय सुजायचे. पाणी काढायची गोळी होती सकाळ-दुपार. ती घेतली की दोन-अडीच तास लघवीला नुसतं उठ-बस, उठ-बस… कोणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीनी होती. म्हणायचे, लोकांना कळलं तर म्हणतील याचा काटाच बिघडलाय, याच्या मापाला आता काय अर्थ?’

मी हिशेब मांडत होतो, दोन वर्षं, म्हणजे माझं पुस्तक… वहिनींनी ते ओळखलं. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, ‘हो. तुमच्या अकरातले आठ गोळीचे.’

‘आणि बाकीच्यांचं? त्यांना दोन-तीनच कसे?’

‘बाकीच्यांचे गोळीचे वजा करायचे ना! मला विचारायचे, आत्ताचा कशाचा होता गो, माझा की सिनेमाचा? तुमचे तेवढे वजा केलेनी नाही. मी भांडले त्या रात्री. अहो, भावजींचं नुकसान होईल म्हटलं. तर म्हणाले, सदूचेच वजा केले तर मला कसं कळणार, की गोळीचे म्हणून केले की दोस्तीखातर केले?’ त्यांनी मांडीवरचे तांदूळ झटकले. ‘चुकलंनीच ते. दुसऱ्या दिवसापासून चुकचुकत होते, पण छापून गेलेलं परत कसं घ्यायचं.’

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबायच्या नादात भलताच आवाज झाला. म्हणजे तीन. कादंबरीला तीन! तीन म्हणजे लोकांनी दुकानात जाऊन विकत घेतलं असतं. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्या घाईने म्हणाल्या, ‘पण तीन तुमचेच हो भावजी. त्यात मी खोटं नाही बोलायची. मधल्या लग्नाच्या प्रकरणात तीनदा उठले, आणि तिन्ही वेळा पाणी प्यायले.’ लग्नाचं प्रकरण लांबलं आहे, हे मला लिहिताना माहीत होतं.

मी विचारायचं टाळत होतो ते शेवटी विचारलं. त्या दिवशी मी निघून गेल्यावर तो काय म्हणाला? वहिनी पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. ‘बाहेर आले तर खुर्ची रिकामी. मला वाटलं चिडतील. थोडा वेळ बसले आणि म्हणाले, सदू एकदाच उठला, पण परत नाही आला.’

पाच आठवडे माझ्या हातात होते. त्याच्या घरापासून माझं घर चालत वीस मिनिटांवर आहे.

मी निघालो तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘तो सिनेमा तसाच राहिलाय. मी म्हटलं होतं, बघून टाका. बघितलंनी नाही. सदू येईल तेव्हा पुढचा लावू म्हणाले. बाकीचे चार-पाच सिनेमे बघून लिहून दिलेनी, पण त्याला हात लावलानी नाही.’ त्यांनी टीव्ही लावला. अर्धवट राहिलेल्या सिनेमांची एक रांग असते, तीत पहिलाच तो होता. खाली लाल रेघ, एक तृतीयांशापर्यंत आलेली. मी रिमोट दाबला होता तिथे.

अच्युतच्या खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. मी माझ्या त्या दिवसाच्या जागी बसलो, वहिनी दाराशी पाटावर. सिनेमा सुरू झाला. नायक नायिकेला बोटीवर सोडायला चालला होता आणि पुढचे दीड तास तो चाललाच होता. वहिनी मध्ये उठून चहा ठेवून आल्या, मग दिवा लावून आल्या, मग कुणाचा फोन आला म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. इतका रटाळ सिनेमा मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. माझे गुडघे भरून आले, चहा गार झाला. शेवटी सगळ्यांची नावं वर सरकून गेली, पडदा काळा झाला, आणि तोवर मी जागचा हललो नाही.