वेक्सच्या आठवड्यातली मोजणी

हेल्डशॉमध्ये स्टेशनमास्तर एनॉक कर्शॉबद्दल वाकडा शब्द बोलणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. एरवी या गावाची जीभ अशी, की मेलेल्यालाही फक्त पुरेपर्यंतच सूट. अपवाद एकच. नेली ओग्डेनच्या चिप्सच्या दुकानात दर शुक्रवारी मास्तरांच्या पुडीत इतरांपेक्षा मूठभर चिप्स कमी पडायचे. मास्तर म्हणायचे, बाईचा हात म्हातारपणी आखडला. अठरा वर्षं ते हेच म्हणत आले.

आता गावाने ठरवलं, की रूळ उखडून उरलेल्या पायवाटेला मास्तरांचं नाव द्यायचं आणि त्यांच्या स्टेशनच्या जागी बाक ठेवायचं. बाकावर पितळी पाटी: ‘एनॉक कर्शॉ, जे या गाडीसाठी शेवटपर्यंत लढले.’ हे कळल्यापासून मास्तरांची झोप उडाली होती.

गाडी म्हणजे काय, तर एक इंजिन, दोन डबे, तीन स्टेशनं आणि चार मैल. मँचेस्टरच्या मोठ्या मार्गाला जाऊन मिळायची. लोक तिला ‘किटली’ म्हणायचे. निघण्याआधी फार वेळ नुसतीच वाफ सोडायची. सकाळी साडेसातच्या किटलीत गिरणीतल्या बाया, कारकून, शहरातल्या इस्पितळात कामाला जाणारी नेलीची मुलगी जीन, असे सगळे एकमेकांच्या मांडीवर बसायचे बाकी.

मास्तरांनी लग्न केलं नाही. गावाच्या मते त्यांचा संसार फलाटावरच्या बेगोनियाच्या फुलांशी होता, आणि सवत म्हणून लोबेलिया. दर जुलैत ‘सुंदर स्टेशन’ स्पर्धा व्हायची. आठ वर्षं मास्तरांचा दुसरा नंबर. पहिला नेहमी पलीकडच्या खोऱ्यातल्या त्या मिशाळ मास्तराचा. त्याचं नाव काढलं की आपले मास्तर चहात साखर घालायला विसरायचे.

बासष्ट साली वरच्या कचेरीचं पत्र आलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक माणूस येऊन दर गाडीला चढणारी-उतरणारी डोकी मोजेल. नेमक्या त्याच आठवड्यात परीक्षक येणार होते! फाटकाशी टेबल, टेबलाशी गर्दी, गर्दीचे बूट वाफ्यात. मास्तरांनी उलट टपाली लिहिलं, ‘एक आठवडा आधी यावे. सोयीचे पडेल.’

एक आठवडा आधी वेक्स होते. वेक्स म्हणजे गिरण्यांची वार्षिक सुट्टी: भोंगे बंद, बॉयलर थंड आणि सगळं गाव कुलूप लावून समुद्रकाठी ब्लॅकपूलच्या वाळूत. मागे उरणार मांजरं, पाद्री आणि बायकोशी भांडलेले नवरे. मास्तरांना वाटलं, हे कोणाला ठाऊक नाही? सूर्य पूर्वेला उगवतो असं कोणी पत्रात लिहितं का? मोजणीवाला येईल, हसेल, कागदावर तसा शेरा मारेल आणि जाईल.

मोजणीवाला आला तो दक्षिणेकडचा, फिकट, नाकावर ऊन लागलेला. पाच दिवस बसला. त्याने दोन नन मोजल्या, गुरांचा डॉक्टर मोजला आणि घोट्याला प्लास्टर घातल्यामुळे ब्लॅकपूल चुकलेली नेली ओग्डेन मोजली. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, “मास्तर, इथे नेहमी एवढीच माणसं असतात का हो?”

मास्तर गुडघ्यावर बसून बेगोनियाला काठी बांधत होते. दोरा दातात होता. तो काढून ते म्हणाले, “मोजणं तुमचं काम. मोजा की.” आणि दोरा पुन्हा दातात धरला.

त्या वर्षी स्पर्धेत मास्तरांचा पहिला नंबर आला, चांदीचा कप मिळाला. पुढच्या वसंतात नोटीस लागली, ‘प्रवासी नसल्यामुळे मार्ग बंद.’ मास्तर अर्ज घेऊन दारोदार हिंडले, बुटाचे तळ झिजले. गाव म्हणालं, “माणूस बघा कसा तळमळतोय!” कचेरीने पाच दिवसांचा तो कागद पुढे केला. बसला दीड तास लागायचा, म्हणून जीनने शहरात खोली घेतली; मग तिथलाच नवरा केला आणि कॅनडाला गेली. मास्तरांनी कप कोळशाच्या खोपटात टाकला.

बाकाच्या उद्घाटनाला पाटीवरचं कापड दूर व्हायच्या आधीच मास्तर उभे राहिले. टोपी हातात चुरगळत त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, आठवडा, दोरासुद्धा.

मग इंजिन चालवणारा म्हातारा स्टॅन्ली हॉवर्थ म्हणाला, “म्हणजे आम्ही तिथे वाळूत पाय बुडवून बसलो, आणि तू इथे फुलांपायी माझं इंजिन बुडवलंस?”

“होय, स्टॅन्ली.”

“कप तरी दाखव लेका. माझं इंजिन केवढ्याला गेलं ते कळू दे.”

कोणी हसलं नाही. नेली तेवढी काठी टेकत पुढे आली. “अठरा वर्षं वाट पाहिली, मास्तर. मी तेव्हा तिथेच बाकावर पाय पसरून बसले होते. सगळं ऐकलं.”

“मग गावाला सांगितलं का नाहीत, नेलीबाई? तुम्ही तर पाद्र्याच्या घरचं दूध नासलं तरी सांगता.”

“काय सांगू? मलाही तोंड होतं ना. ‘अहो, आज वेक्स आहे’ एवढं त्या पोराला म्हणायला काय जात होतं? पण पाय ठणकत होता. जन्मात एकदाच गप्प बसले, मेलं नेमकं तेव्हाच.” तिने नाक पुसलं. “जीन नाताळला पत्र पाठवते. फोटो पाठवते. नातू फोनवर बोलतो तेव्हा मला त्याचं तिकडचं बोलणं अर्धंच कळतं.”

कापड कोणी काढलं नाही. बाक तसंच झाकलेलं राहिलं, आणि लोक चहा न घेता घरी गेले. हेल्डशॉत असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

शुक्रवारी मास्तर चिप्सच्या रांगेत उभे राहिले तेव्हा बोलणी थांबली. नेलीने त्यांची पुडी बांधायला घेतली, आणि या वेळी ती काठोकाठ भरली, वर आणखी चार चिप्स.

मास्तरांनी पुडीकडे पाहिलं. “नेलीबाई,” ते हळूच म्हणाले, “नेहमीएवढेच द्या.”

नेलीने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग मूठभर चिप्स काढून परत कढईशेजारच्या ताटात टाकले आणि मिठाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.