बुंध्याला एक वेढा

आमच्या वखारीत झाडं तोडणारे आले आणि गेले. बहुतेकांची तोंडंसुद्धा आता आठवत नाहीत, आणि आठवावीत असं त्यांनी काही केलंही नाही. अर्ध्यांना दारूचा नाद, उरलेल्यांना न सांगता गावी पळायचा. कुंडलिक मात्र आठवतो. तो आठवला की आधी त्याच्या कमरेचा काथ्याचा दोर डोळ्यांपुढे येतो, कारण त्या दोराचं दुसरं टोक त्याच्या बायकोच्या हातात असायचं.

वच्छला तिचं नाव. अंगानं अगदी काडी. झाडावर हा धिप्पाड गडी आणि खाली दोर धरून ही, असं दृश्य बघायला पेठेतली रिकामी माणसं जमायची. आमच्या वखारीतला हमाल मल्लप्पा तर तिच्यादेखत म्हणायचा, "कुंडल्याला बायकूनं दाव्याला बांदलाय की." कुंडलिक हसायचा आणि म्हणायचा, "बांदलाय म्हनून तर पडत न्हाय."

दोर धरायचं हे काम ताकदीचं नव्हे. कुंडलिकच्या कमरेचा दोर वरच्या दुबेळक्यातून, म्हणजे दोन फांद्यांच्या बेचक्यातून, खाली यायचा. वच्छला तो बुंध्याभोवती एकदा वेढायची आणि शेवट मुठीत धरायची. निम्मं वजन तो वेढाच पेलतो. पण मूठ सुटली तर वेढाही सुटतो, तेव्हा दोन्ही हात कायम दोरावर हवेत. आणि नजर दोरावर. वर बघायचं नाही, वर बघितलं की भुसा डोळ्यात जातो. वरच्यानंही खाली बघायचं नाही. मग दोघांनी बोलायचं कसं? तर दोरानं. वरून एक हिसका म्हणजे ढील दे, दोन हिसके म्हणजे आवळ. आणि काम सुरू करण्याआधी अगदी हलकी एक ओढ, लहान मूल पदर ओढतं तशी. तिचा अर्थ, हायस का? वच्छला खालून तशीच ओढ द्यायची. हाय. हे उत्तर आल्याशिवाय कुंडलिकनं कधी घाव घातला नाही.

हे सगळं त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात करकंबच्या शिवारात स्वतःच बसवलं होतं. जनावरांना चारा नव्हता, म्हणून लोक वड-लिंबाचा पाला उतरवत होते. धरायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून बायकोनं दोर धरला. जनावरं काही वाचली नाहीत. हे दोघं एक वळकटी आणि तो दोर घेऊन सोलापुरात आले, आणि आमच्या वखारीमागच्या खोलीत राहू लागले. मूलबाळ नव्हतं. एकमेकांशी फार बोलायचेही नाहीत. दिवसभर दोरानं बोलून झाल्यावर घरी बोलायला काय उरणार, असं मीच गमतीनं म्हणायचो.

आमचे थोरले बंधू आबासाहेब यांना नव्याचा भारी सोस. शहात्तरच्या हिवाळ्यात त्यांनी कुणा मळेवाल्याकडून पेट्रोलवर चालणारी जुनी करवत आणली. दोरी ओढली की ती बोंबलत सुटायची. हमालांनी तिचं नाव फटफटी ठेवलं. कुंडलिकनं आठवडाभर अंगणात ओंडके कापून हात बसवला. ती वजनाला जड होती, पण कुऱ्हाडीचं दिवसभराचं काम घटकाभरात व्हायचं. त्यालाही मोह पडला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वच्छला त्या आठवड्यात घरीच होती. फटफटी तिनं भिंतीआडून ऐकली होती, जवळून कधीच नाही.

साखर पेठेत एका विणकराच्या घरावर लिंब कलला होता. तिथं फटफटी पहिल्यांदा झाडावर गेली. कुंडलिकनं ओढ दिली, वच्छलानं उत्तर दिलं, आणि मग त्यानं यंत्र सुरू केलं. भिंतींत कोंडलेला तो आवाज असा काही फुटला की गल्लीतल्या सगळ्यांनी, मीसुद्धा, दोन्ही हात कानांवर नेले. वच्छलानंही नेले. फरक एवढाच की सगळ्यांत दोर फक्त तिच्या हातात होता.

क्षणभराचं काम. त्याच क्षणी कुंडलिक पाय बदलत होता, तो खाली आला. वेढ्यानं थोडा दोर अडवला म्हणून जीव वाचला, पण खुबा मोडला.

सिव्हिल हॉस्पिटलात तो बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट येईल त्याला सांगायचा, "माजीच चूक. आदी तिला आवाज ऐकवायला पायजे हुता." वच्छला त्याला भाकरी भरवायची, त्याचं अंग पुसायची, पण असं तो बोलला की उठून बाहेर जायची. घर चालवायला तिनं विड्या वळायला घेतल्या. उंबऱ्यावर बसायचं, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि मान खाली. आबासाहेबांनी फटफटी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्याकडे तेवढेही झाले नाहीत.

कुंडलिक लंगडत का होईना उभा राहिला आणि म्हणाला, चढतो. ज्याला झाडाशिवाय काही येत नाही, त्यानं दुसरं काय म्हणायचं? त्यानं खुंटीवरचा दोर काढून वच्छलापुढे धरला. तिनं मान न उचलता सांगितलं, "माज्या हातावर आता इस्वास ठिवू नगा." दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग विचारणं थांबवलं.

आम्ही त्याला दुसरी माणसं दिली. ताकदवान, दोघं उचलायला लागतील असे ओंडके एकटे उचलणारी. कुंडलिक वरून ओढ द्यायचा आणि खालून बोंब यायची, "काय रं, काय पायजे?" तो तसाच खाली उतरायचा. शेवटी त्यानं माणसंच नको म्हणून सांगितलं आणि दोर बुंध्याला बांधून एकटा चढायला लागला.

बांधलेला दोर ढील देत नाही. हातभर पलीकडे सरकायचं झालं तरी खाली उतरा, गाठ सोडा, पुन्हा बांधा, पुन्हा चढा. मोडक्या खुब्यानं हे तो दिवसभर करायचा. ते बघून मला चीड यायची. पण खरं सांगायचं तर चीड त्याची नव्हती. दर वेळी वर पोचला की तो दोराला ती हलकी ओढ द्यायचा आणि थांबायचा. खाली कोणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, गाठ त्यानंच मारलेली. तरी थांबायचा, आणि मग कुऱ्हाड उचलायचा. भरल्या पेठेत, चारी बाजूंना गिरण्यांचे भोंगे आणि मागांची खटखट चालू असताना, त्या माणसाइतकं एकटं मी कुणालाही बघितलेलं नाही.

हमालांच्याही हे लक्षात आलं होतं. एकदा मल्लप्पानं चेष्टेनं खालून दोर ओढला. कुंडलिक सरसर खाली आला, लंगडत नव्हे, धावत आल्यासारखा. खाली मल्लप्पा दात काढत उभा. कुंडलिकनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, दोर गुंडाळला आणि घरी गेला. मल्लप्पाला मी असा झाडला की महिनाभर तो माझ्या समोरून जात नव्हता. पण झालेलं झालंच.

मग मी वच्छलाकडे गेलो. ती उंबऱ्यावर विड्या वळत होती. मी म्हटलं, "अगं, जे झालं ते आवाजानं झालं. गल्लीत सगळ्यांनीच कान झाकले होते. कुंडलिक काही म्हणतो का तुला?"

तिनं पुढचं पान घेतलं. बोटं चाललेली होती. मग म्हणाली, "पडताना त्येनी मला हाक मारली. वच्छे म्हनून. शेजारच्या माडीवरच्या बाईनं ऐकली, तिनं सांगितलं. मला न्हाय ऐकू आली, मालक. माजे कान झाकल्याले हुते."

मग मी उठताना एवढंच सांगितलं की तो अजून वरून ओढ देतो आणि उत्तराची वाट बघतो. तिची बोटं थांबली. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या सुमारास आबासाहेबांच्या मनात वखारीत नवी शेड घालायचं आलं. आड येत होती अंगणातली जुनी चिंच. आजूबाजूला पत्रे, म्हणून ती फांदी फांदीनं उतरवायची होती. कुंडलिकनं नेहमीसारखा दोर बांधला आणि चढला. दुपारी मी गादीवर बसलो होतो, तेवढ्यात फाटकातून वच्छला आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. कुंडलिक पडल्यापासून ती वखारीत पाऊल टाकत नव्हती. मी जागचा हललो नाही.

भाकरी तिनं मुळाशी ठेवली. कुंडलिक खाली उतरून, दोर बदलून, नुकताच पुन्हा वर पोचला होता. त्यानं ओढ दिली. वच्छलानं दोराकडे बघितलं. मग चटकन गाठ सोडली, दोर बुंध्याभोवती एकदा वेढला, शेवट मुठीत घेतला आणि उत्तर दिलं.

वर काही हललं नाही. मग पानांतून कुंडलिकचा आवाज आला, दमलेला, रागसुद्धा नसलेला. "मल्लप्पा, नगं रं. सोड तो दोर."

त्यानं खाली बघितलं नव्हतं. बघायचं नाही हा नियम, आणि बघायची आशाही उरली नसावी. मी ओरडून सांगायला तोंड उघडलं, पण वच्छलानं माझ्याकडे बघून मानेनंच नको म्हटलं. आयुष्यात एकदा तिच्या हातून दोर सुटला होता, आणि आता नवरा सोड म्हणत होता. तिनं दोर पुन्हा बुंध्याला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि निघून गेली.

कुंडलिक उतरला तेव्हा त्याला आधी भाकरी दिसली. मग गाठ. वच्छला डावखुरी, तिची गाठ उलटी पडायची. तो त्या गाठीवर बोट फिरवत उभा राहिला. मी म्हटलं, "मल्लप्पा बाजारात गेलाय सकाळपासून." त्यानं मान हलवली. झाडाखाली बसून त्यानं भाकरी खाल्ली, एक घास खाऊन बराच वेळ थांबत. त्या दिवशी तो पुन्हा चढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखार उघडली तर कुंडलिक चिंचेच्या पार शेंड्याजवळ, पत्र्यांच्या वर, उन्हात उभा. कमरेला दोर होता, दुबेळक्यातून खालीही आला होता, पण त्याचं टोक मातीत मोकळं पडलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"कुंडल्या, मरायचंय का? दोर कोण बांधणार, तुझा बाप?"

"घरी सांगून आलोय, मालक," वरून उत्तर आलं. "आज दोर मोकळा सोडतुया म्हनून."

"अरे पण का?"

"बांदल्याला दोर आसला तर तिनं यावं कशाला?"

इतके महिने आम्ही सगळे म्हणत होतो की वच्छला येत नाही म्हणून तो दोर बांधतो. तो बांधलेला दोर तिला रोज काय सांगत होता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टोक उचलायला मी वाकलो तर तो म्हणाला, "त्याला हात लावू नगा."

मग वाट बघणं सुरू झालं. ऊन चढलं. हमाल गाडी भरायचं सोडून भिंतीला टेकून बसले, मल्लप्पा सगळ्यांत मागे. कुंडलिक कुऱ्हाडीला हात लावत नव्हता, दोर ओढत नव्हता. मोडक्या खुब्यावरचा भार तेवढा अधूनमधून या पायावरून त्या पायावर घ्यायचा, आणि तसं केलं की हमाल अर्धवट उठायचे. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. ती आली नाही. आबासाहेब म्हणाले, शिडी आणा, त्याला उतरवा. मी म्हटलं, "थोडं थांबा," आणि का म्हटलं ते मलाही सांगता आलं नसतं.

ती आली तेव्हा रिकाम्या हातांनी आली. बोटं तंबाखूनं तांबूस झालेली. कुणाकडे न बघता ती बुंध्याशी गेली, पदर कमरेला खोचला, मातीतलं टोक उचललं आणि वेढा घातला. वर बघितलं नाही. दोर ताणून घेतला, आणि कुंडलिकनं काही विचारायच्या आत तिनंच ती हलकी ओढ दिली.

हायस का?

वर पाला हलला नाही. कुंडलिकचं तोंड पाल्याआड होतं. वच्छलाची नजर दोरावर होती आणि ओठ घट्ट मिटलेले. मग दोर हातभर थरथरला, आणि वरून उत्तर आलं.

थोड्या वेळानं पहिला घाव पडला. चिंचेचा बारीक पाला तिच्या डोक्यावर, खांद्यांवर गळत राहिला. तिनं तो झटकला नाही. तिचे दोन्ही हात दोरावर होते.