अकरा उंदीर आणि अण्णा

पुण्याची एसटी उदगीरच्या स्टँडवर लागली तेव्हा माझी बॅग चढवायला अण्णा थेट दवाखान्यातून आले. दवाखाना जनावरांचा. अण्णा, माझे वडील, तिथे ड्रेसर, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारे होते आणि पहाटेच एका अडलेल्या म्हशीला सोडवून आले होते. हाताला फिनेलचा वास येत होता, म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, नुसता वर धरला. आई रडत होती. अण्णा एवढंच म्हणाले, "बघून काम कर. घाई करू नको."

तुमच्यातले जे आपल्या गावातच राहिले त्यांना हे ठाऊक आहे. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना पुढचंही ठाऊक असेल. वारज्यातला तीन मुलींचा फ्लॅट, भाजीला नसलेला तिखटपणा, आणि आपल्या तोंडून "काय करालीस" निघालं की समोरच्याच्या चेहऱ्यावर येणारं हसू. पहिल्या महिन्यातच मी ते "काय करालीस" गिळून टाकलं. आधी एका आयटी कंपनीत होते. मग दृष्टीवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेला प्रोग्रॅमर हवा होता, तिथे गेले.

काम मला आवडलं. उंदराला छोट्या स्क्रीनसमोर ठेवायचं, स्क्रीनवर काळे-पांढरे पट्टे दाखवायचे. कधी उभे, कधी आडवे, कधी तिरके. कुठल्या पट्ट्याला मेंदूतली कुठली पेशी जागी होते ते यंत्र टिपणार. पट्टे कुठल्या क्रमाने दाखवायचे हे माझं सॉफ्टवेअर ठरवणार आणि तोच क्रम फाइलमध्ये लिहून ठेवणार. उदगीरला अण्णा गल्लीभर सांगत, "पोरगी पुण्यात जनावरांच्या डोळ्याचं काम करती." लोकांना वाटे मी मोतीबिंदू काढते. मी कधी खुलासा केला नाही.

उंदरांचं सगळं फरीदा बघायची, मेंदूत बारीक तारा बसवायची शस्त्रक्रियासुद्धा. तिच्या घरचं बुधवार पेठेत वायरी आणि स्विचचं दुकान, चार पिढ्या पुण्यातल्या. तिचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध, आणि जीभ अस्सल पुणेरी. पहिल्या उंदराच्या चाचण्या संपल्यावर त्याचा पिंजरा रिकामा दिसला. मी विचारलं, "हा कुठे गेला?"

"पेन्शनवर," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने हातातलं काम थांबवलं. "तुला कुणी सांगितलं नाही? शेवटी त्यांना कायमचं झोपवतात. मेंदूचे काप बघावे लागतात."

सगळं रीतसर, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीच्या परवानगीने होत होतं. तरी मला त्या दिवशी डबा खाता आला नाही. जनावर वाचलं की घरी गूळ वाटणाऱ्या माणसाची मी मुलगी. पण नोकरी सोडली नाही. सवय झाली, हेही खरं.

अकरा उंदीर झाले. आकडे काही जुळेनात. एकच पेशी कधी उभ्या पट्ट्याला जागी झालेली दिसे, कधी आडव्याला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना वाटलं, फरीदाच्या शस्त्रक्रियेत दोष आहे. त्यांनी तिला सांगितलं, "पुढच्या उंदरापासून आपण दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." जो हात उंदराला सवय व्हावी म्हणून रोज अर्धा तास त्याच्यापुढे उघडा ठेवायची, तोच ती उलटसुलट करून बघत राहिली.

त्याच आठवड्यात मी काहीतरी वेगळंच दुरुस्त करायला प्रोग्रॅम उघडला आणि एक ओळ दिसली. पत्ते पिसावेत तशी पट्ट्यांची यादी पिसणारी ओळ. ती दोनदा होती. एकदा स्क्रीनवर दाखवायच्या आधी, एकदा फाइलमध्ये लिहायच्या आधी. म्हणजे उंदरांनी बघितलं एक आणि आम्ही लिहिलं भलतंच. स्क्रीनवरचा खरा क्रम कुठेच साठवलेला नव्हता. अकराच्या अकरा उंदीर फुकट गेले होते, आणि ती ओळ माझी होती.

बोटं कीबोर्डवरच होती. एक ओळ पुसली असती तर बारावा उंदीर बरोबर आला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मी ती ओळ पुसलीसुद्धा. मग काचेपलीकडे फरीदा पिंजऱ्यावरची चिठ्ठी बदलताना दिसली. ओळ पुन्हा लिहिली, आणि सरांना आणि तिला बोलावून दाखवली.

"अकरा?" सरांनी विचारलं.

"अकरा."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "समितीला आजच कळवायला हवं. पत्र तुम्हीच लिहा."

फरीदाचे डोळे भरले होते. "मला वाटत होतं माझेच हात गेले," ती म्हणाली. पुढे महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं चुकलं असं मला कधीही वाटलं नाही.

सुट्टी काढून उदगीरला गेले. आई मंदिरात गेली तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. उंदरांचं मरणं, माझी ओळ, ती पुसल्याचंही. वाटलं होतं ते रागावतील किंवा उठून जातील. ते खाली बघत म्हणाले, "तू सांगितलीस तरी."

मला कळेना.

"तळ्याकडच्या लक्ष्मीबाईची गाय. तू दुसरीत होतीस. डॉक्टर नव्हते. मी चुकीच्या बाटलीतलं इंजेक्शन दिलो. गाय गेली. बाईला सांगितलो, रोग होता."

ती गाय मला आठवत होती. आम्ही पोरांनी तिच्यासाठी फुलं नेली होती, आणि अण्णा पुढे चालत होते. इतकी वर्षं पुण्यात काही चुकलं की मी मनातल्या मनात याच माणसासमोर उभी राहत आले होते.

रागही आला. तसाच घेऊन परत आले.

पंधरा दिवसांनी कामावर असताना त्यांचा फोन आला. "लक्ष्मीबाईकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "आहे अजून म्हातारी. सगळं सांगितलो."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ती गाभण होती, तुम्हाला ठाऊक होतं का." मग हळूच म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं गं."

मी फोन कानाला धरून जिन्यात बसून राहिले. तेही बोलेनात, पण दोघांनीही फोन ठेवला नाही. उदगीर सोडून इतकी वर्षं झाली. पण त्या जिन्यात, दोघंही आपापली चूक घेऊन बसलेले असताना, मला घरी असल्यासारखं वाटलं.