क्विझ मुलांची होती हो!

मंडळी, आत्ताच ऑनलाइन मराठी वर्ग संपवला आणि डोकं तापलंय.

लॉकडाऊनमध्ये मुलं स्क्रीनसमोर कंटाळतात, म्हणून काल दिवसभर खपून चित्रांची क्विझ बनवली. आज पोळपाटाचं चित्र दाखवलं, तर क्षणात एक सोडून सगळ्यांची उत्तरं बरोबर! नेदरलँड्समधल्या आल्मेरेत वाढणाऱ्या या मुलांना पोळपाट माहीत?

तेवढ्यात सात वर्षांच्या ईराचा माइक चुकून सुरू झाला. तिची आई कुजबुजत होती, "अगं, पोळपाट! दुसरं बटण दाब!"

ईरा रडवेली झाली. "आई, स्टॉप! आय नो धिस. आजी मेक्स पोळी ऑन इट!"

वर्गात पहिल्यांदाच ती आपणहून बोलली, तेही आईवर चिडून.

आईबाबांनो, उत्तरं तुम्हीच दिलीत तर मुलांचं कुठे अडतंय हे मला कळणार कसं? पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत बसाल का, प्लीज?