दुखणं परत आलं, हे भावाला सांगताना

ईसीजीची पट्टी मशीनमधून अजून बाहेर येत होती, तेव्हाच डॉक्टरांनी ती हातात धरली आणि म्हणाले, "ताई, तेच आहे. परत आलंय."

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज. इतकी, की मी छातीवरच्या तारांसकट पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "हे माहेरी सांगावंच लागतं का?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. कळावा तरी कसा?

ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचं दुखणं उपचारानंतर परत आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बरी झालेली माणसं चारचौघांत सांगत फिरतात. आमच्यासारखी गप्प बसतात. मीही बसले होते, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मी लातूरला क्लासच्या मुलांची मेस चालवते. सकाळ-संध्याकाळ डबे. नवरा किराणा आणतो, डबे पोचवतो, आणि मी सगळ्यांवर ओरडते. मला कधी कुणी आडवं पडलेलं पाहिलं नव्हतं. एके दिवशी पोळ्या लाटताना छातीत एकदम धडधड सुरू झाली. धावल्यावर होते तशी हळूहळू वाढत गेलेली नाही, बटण दाबल्यासारखी. आणि तशीच एकाएकी थांबली. गॅस झाला म्हणून मी सोडा प्यायले. मग ते वरचेवर व्हायला लागलं. शेवटी भाजी निवडता निवडता मी चक्कर येऊन कोथिंबिरीच्या ढिगात पडले, तेव्हा नवऱ्याने हाताला धरून दवाखान्यात नेलं.

दुखण्याचं नाव एसव्हीटी, म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. हृदय चालवणारी वीज ठराविक वाटेने खाली उतरते. काही जणांना जन्मापासून तिथे एक जादा वाट असते. मग वीज एका वाटेने उतरते, दुसरीने वर चढते आणि तिथेच गोल गोल फिरत बसते. हृदय बिचारं तिच्या मागे पळतं. उपाय अ‍ॅब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात आणि ती जादा वाट उष्णतेने जाळतात. फाडाफाडी नाही.

माझा धाकटा भाऊ बालाजी बिलोलीजवळ आमच्या गावी शेती करतो. हे कळताच तो महादेवापुढे नवस बोलून मोकळा झाला. अक्काचं हृदय ठिकाणावर येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. आमच्याकडे ह्यात नवल नाही, दर गावात असा एखादा अनवाणी असतोच. पण बालाजीला शुगर आहे. आणि उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानात बुटातसुद्धा पाय भाजतात. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले.

"बोलून बसलो गं अक्का," तो म्हणाला, "आता माघारी कसं घेऊ?"

माझं अ‍ॅब्लेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चांगलं झालं. फार थोड्यांना परत येतं, पण येऊ शकतं." ते वाक्य मी ऐकलं आणि दवाखान्यातच ठेवून आले.

मग गावी सोमवारी देवळात जेवणं घातली. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, मोठमोठी पातेली चढली. पाहुण्यांनी मला साड्या आणल्या, बालाजीला टॉवेल-टोपी. गावच्या मठाच्या स्वामींनी सगळ्यांसमोर त्याला चप्पल घालायला लावली आणि बायकांनी डोळे पुसले. मी तर भाषणच ठोकलं. "जाळून टाकलंय, आता विषय संपला. भिऊ नका, करून घ्या." तेव्हापासून नात्यात कुणाच्या छातीत धडधडलं की फोन मला. मी डॉक्टरच्या थाटात सल्ले देत होते.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू असताना ते परत आलं. शेव पाडत होते. पहिल्याच ठोक्याला ओळखलं. मागच्या खोलीत सिलेंडरजवळ जाऊन बसले, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे श्वास कोंडून पोटावर जोर दिला. थांबलं. तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हटलं, तेल तापलंय का बघा.

त्यानंतर मी स्वतःवरच खटला चालवला. जड पातेलं उचललं म्हणून झालं असेल. चहा जास्त झाला म्हणून. तोंड फार चालतं म्हणून. भाषण ठोकलं म्हणूनही. आहेराच्या साड्या नेसायचा धीर होईना, खोटं सांगून घेतल्यासारख्या वाटायच्या. फोनवर बालाजीने विचारलं की मी ठरलेलं सांगायची, "मस्त हाय रे." कळलं असतं तर त्याने त्याच मिनिटाला चप्पल काढली असती. ते एक कारण. दुसरं असं, की माझं तोंड पडलं असतं. दोन्हींत मोठं कोणतं, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

नवऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. शेवटी एकदा धडधड चालू असतानाच त्याने मला दवाखान्यात नेलं आणि दुखणं ईसीजीत सापडलं.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. "तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. ती जादा वाट मुख्य वाटेला अगदी खेटून आहे. मुख्य वाट जळली असती तर तुम्हाला पेसमेकर बसवावा लागला असता. म्हणून आम्ही हात राखून जाळलं. ती जागा भरून आली आणि पुन्हा जोडली गेली. परत करता येईल, नाहीतर गोळ्या आहेत." पेसमेकर म्हणजे ठोके देणारं छोटं यंत्र, कातडीखाली बसवतात ते.

माझी चूक नाही, हे ऐकून बरं वाटलं. पण लाज काही गेली नाही. ती अशी समजावून जात नाही.

मी गोळ्या सुरू केल्या आणि गप्प राहिले. तेवढ्यात भावजयीचा फोन आला. सुरेखा सहसा मला फोन करत नाही.

"अक्का, ह्यांनी सांगू नको म्हणलंय, पर मला राहवंना. नांदेडला दवाखान्यात हाव. ह्यांच्या पायाचं बोट काढलं."

अनवाणी फिरताना काटा मोडला होता. जखम भरली नाही. त्याने तीच जखम चपलेत घातली, देवळात, आम्हा सगळ्यांसमोर. माझ्या आनंदात विरजण नको म्हणून कुणाला काही बोलला नाही. बोट आतून सडत गेलं.

लातूरहून नांदेडला जाताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होते. त्याचं बोट माझ्यासाठी गेलं, आणि मी तर बरी झालेच नाही.

मला बघताच त्याने पायावर चादर ओढली. "तू कशाला आलीस गं? लई काही न्हाई झालं. बारकं बोट. तू बरी हायस न्हवं? मंग बास."

"हो" म्हणून मी सुटले असते. तोही सुखाने झोपला असता. ते "हो" माझ्या ओठांवर आलंही होतं.

"न्हाई रे," मी म्हटलं. "परत आलंय. दिवाळीपासनं."

तो कोपरावर रेलून उठून बसला. सुरेखा हातातलं मोसंबं सोलायची थांबली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"आन् फोनवर मस्त हाय, मस्त हाय म्हणून राहिलीस?"

"तू परत चप्पल काढली असतीस."

"हाव, काढली असती." मग अगदी हळू, "म्हंजे देवानं ऐकलंच न्हाई म्हण की."

मी फक्त डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मुख्य वाट वाचावी म्हणून हात राखून जाळलं, म्हणून जोडलं गेलं.

त्याने ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजे तुला जपून केलं त्यांनी?"

"हो."

"मंग त्यात लाजायला काय झालं?" तो म्हणाला. "परत करून घे. मी येतो बसायला. नवस न्हाई बोलत ह्या टायमाला. डॉक्टरनं शुगरवाल्याची बुटं सांगितलीत, ती घालून येतो."

सुरेखाने अर्धं मोसंबं त्याच्या हातात दिलं, अर्धं माझ्या. "दोघं बी खावा आता. एक बोट लपवायलंय, एक हृदय. मधी मी मरायले."

आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता मी रडले.

पुढच्या महिन्यात माझं दुसरं अ‍ॅब्लेशन आहे. ह्या वेळी डॉक्टर खात्री देत नाहीत आणि मीही कुणाला देत नाही. ज्या बायकांना मी सल्ले दिले होते, त्यांना एकेक करून फोन केले आणि माझं परत आल्याचं सांगितलं. दोघींनी "अगंबाई" म्हटलं. एक मात्र म्हणाली, "माझंही आलंय, ताई. मी कुणालाच सांगितलं नाही." आम्ही बराच वेळ बोललो.

लाज अजून आहे. बालाजी लंगडत चालताना दिसला की ती वर येते, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. फक्त तिच्यापायी आता खोटं बोलायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

त्याच्या तोंडावर हे बोलले तर तो चिडेल, उठून बाहेर जाईल. म्हणून इथे लिहिते. बालाजी, तुझं बोट माझ्यापायी गेलं आणि माझं दुखणं होतं तिथेच आहे. तरी तू मला एकदाही विचारलं नाहीस, की मग मी अनवाणी फिरलो कशासाठी.